जमिनीवर ठेवलेला टीव्ही

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान म्हटलं की अडगळ साठतेच. कुणाचा मेलेला माउस, कुणाचा अर्धी बटणं उडालेला कीबोर्ड, "उद्या नेतो" म्हणून गेलेल्यांचे मॉनिटर. टाकवतही नाही आणि उपयोगही नाही! आमच्या चौघांचे किस्से असेच साठलेत. एक काढायला जावं तर वायरी एकमेकांत गुंतलेल्या असतात, मागोमाग बाकीचे बाहेर येतात.

मी मूळचा चौलचा, पण उरणला दुकान टाकलं आणि इथेच टक्कल पडलं. दुकानामागे एक खोली आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चार चाळिशी उलटलेले बाप्ये त्या खोलीतून अंतराळात जायचो. म्हणजे गेम खेळायचो. एक यान असतं, त्यात माल भरायचा, काळ्या आभाळातून दुसऱ्या स्टेशनवर न्यायचा आणि धक्क्याला लावून उतरवायचा. अख्खं उरण आठवडाभर कंटेनर उचलतं आणि ठेवतं. रविवारी विरंगुळा काय, तर माल उचलायचा आणि ठेवायचा!

हे सुरू झालं दत्तासाठी. दत्ता बंदरात क्रेन ऑपरेटर. यार्डातल्या उंच क्रेनवर चढून कंटेनर उचलायचे, एकावर एक रचायचे, हे त्याचं निम्मं आयुष्य. एक दिवस साहेबांनी सांगितलं, काही महिन्यांनी वर चढणं बंद. क्रेन एसी खोलीत बसून चालवायची. समोर स्क्रीन, दोन हातांत दोन जॉयस्टिक. त्याची परीक्षा होईल. जो पास होईल त्याच्या हातात क्रेन राहील, बाकीच्यांनी जमिनीवर हेल्मेट घालून कंटेनरचे नंबर तपासत फिरायचं.

दत्ताचा चेहरा पडला. "जमिनीवर मना नाय जमनार," एवढंच म्हणाला. तेव्हा आमचा विलास बोलला, "अनिलशेटच्या दुकानात दोन दांड्यांचा गेम पडलाय ना? तिथं हात बसव की!"

शेट म्हणजे मी. दुकान असलं की इकडे शेट म्हणतात, गल्ल्यात काय आहे ते कुणी बघत नाही.

*

आता या गेमच्या दांड्या काही साध्या नाहीत. उजवीने यानाचं नाक फिरतं. डावीने अख्खं यान पुढे, मागे, वर, खाली, बाजूला सरकतं. आणि ब्रेक नाही! हात सोडला तरी यान आपलं जातच राहतं. थांबायचं असेल तर उलट्या दिशेने तेवढाच जोर लावायचा. मी पुस्तिका वाचून सगळं समजावलं. विलासने मधेच विचारलं, "हॉर्न कुठाय?"

"अंतराळात हवा नसते, विलास. आवाज जात नाही."

"मग समोरच्याला कलनार कसा?"

विलास ट्रेलर चालवतो. हॉर्नविना गाडी म्हणजे त्याला अंगात शर्ट नसल्यासारखं. शेवटी मी एका बटणावर भोंग्याचा आवाज बसवून दिला, तेव्हा कुठे त्याने यान हलवलं. स्टेशनजवळ आला आणि यान गर्रकन फिरवून पाठमोरं घालायला लागला.

"अरे, तोंड पुढे करून आत जायचंय!"

"शेट, कंटेनरचा दरवाजा कुठं असतो? मागं! तोंडानं घुसलो तर माल काय तोंडातनं काढू?"

मग म्हणाला, रिव्हर्स मारायचा तर मागे क्लीनर पाहिजेच. म्हणून मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि "आन दे, आन दे, थोडी डावी काट" असं ओरडायला लागलो. थांबायची वेळ झाली की पत्र्यावर थाप मारायची, ही ट्रेलरची रीत. पत्रा म्हणून गोदरेजचं कपाट धरलं. सगळं छान चाललं होतं. विलास स्क्रीनकडे बघतच नव्हता, मान वळवून माझ्याकडे बघत होता! नेमका माझा फोन वाजला. थाप राहिली. यानाचा चुरा झाला.

विलासने शांतपणे दांड्या खाली ठेवल्या. "क्लीनर झोपला व्हता," म्हणाला, आणि त्या दिवशीचा माझा चहा कापला.

*

मग मनोहर बसला. मनोहर शेजारच्या करंजा गावचा कोळी, स्वतःची बोट आहे. तो आम्हाला हसत होता. "ब्रेक नाय, ब्रेक नाय करताव! बोटीला तरी कुठं ब्रेक असतो?"

मला आशा वाटली. याला कळलंय! मनोहरने यानाचा वेग घेतला, स्टेशन ठिपक्याएवढं दिसत असतानाच इंजिन बंद केलं आणि दांड्या सोडून हाताची घडी घातली.

"आता काय?"

"आता काय नाय. लागंल आपोआप."

आम्ही चहा घेतला. विलास बाहेर जाऊन ट्रेलरच्या टायरची हवा बघून आला. यान अजून येतच होतं. दत्ता खुर्चीत पेंगला. शेवटी स्टेशन एकदाचं मोठं झालं, धक्का समोर आला, तसा मनोहर ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "रस्सी घेऊन उरी मार रं कोनतरी!"

उडी कोण मारणार? आम्ही चौघं इकडे आणि यान तिकडे. यान धक्क्याला अलगद टेकलं आणि तितकंच अलगद मागे निघालं. ज्या संथपणे आलं होतं त्याच संथपणे परत अंधारात चाललं. मनोहर कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बिनरस्सीचा धक्का! कोनी बांधला हा?"

*

दत्ताची पाळी आली तेव्हा आम्हाला वाटलं, हा तरी दांड्यांतलाच माणूस आहे. पण दत्ताचं दुखणं निराळंच निघालं.

ते सांगायच्या आधी त्याच्या लग्नाचं सांगितलं पाहिजे. क्रेनच्या केबिनला पायाखाली काच असते. ऑपरेटर दिवसभर पुढे वाकून दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघतो. खाली कंटेनर असतो. अशी वर्षं काढली की मान तिथेच बसते. दत्ता रस्त्याने चालतो तो खाली बघत, बोलतो तो खाली बघत. मुलगी बघायला गेला तेव्हाही पोह्यांच्या बशीवरून नजर वर गेली नाही. मुलीकडचे खूश! "पोरगा लय सालस, मान वर करून बघत नाय."

वनिता वहिनी अजून सांगतात, "लग्न झाल्यावं कलला. लाज-बीज काय नाय, मानच तशी हाय!"

तर दत्ता खुर्चीत बसला, दोन्ही दांड्या हातात घेतल्या आणि त्याची मान खाली गेली. टीव्ही समोर टेबलावर, दत्ताची नजर फरशीवर! मी म्हणायचो, "वर बघ." तो वर बघायचा. स्टेशन जवळ आलं, काम नाजूक झालं, की मान पुन्हा खाली. हात अगदी बरोबर चालायचे, पण डोळे जिथे स्टेशन असायला पाहिजे तिथे शोधायचे, म्हणजे दोन पायांच्या मधे. तिथे माझी फरशी. यान फुटायचं. पुन्हा पुन्हा फुटायचं.

शेवटी विलासचं डोकं फिरलं. त्याने टीव्ही उचलला आणि दत्ताच्या पायांच्या मधे जमिनीवर उताणा ठेवला. "घे! बघ आता खाली!"

दत्ता पुढे वाकला. आणि काय सांगू! कप बशीत ठेवावा तसं त्याने यान धक्क्यावर ठेवलं. आवाज नाही, हिसका नाही. मग परत उचललं, परत ठेवलं. इतकी वर्षं हा माणूस आमच्याबरोबर चहा पीत होता, पण त्याचं काम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

*

याच दिवसांतला वहिनींचा किस्सा. नवरा दर रविवारी दुपारी कुठे जातो ते बघायला त्या एकदा दुकानात आल्या. शटरखालून वाकून आत शिरल्या, मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. बघतात तो चार बाप्ये गोल करून बसलेत, चौघांच्या माना खाली, कुणी बोलत नाही. मधे जमिनीवर काहीतरी आडवं ठेवलेलं.

वहिनींनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हळूच येऊन भिंतीशी टेकून बसल्या. आम्ही इतके गुंग की कुणाचं लक्ष नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या बाहीला धरलं आणि कुजबुजल्या, "कोन गेला?"

मनोहर हसून हसून जमिनीवर लोळला. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकांना भेटलो की रामरामच्या ऐवजी तेच विचारायचो. "काय रं, कोन गेला?"

*

पण परीक्षेतला स्क्रीन काही जमिनीवर ठेवणार नव्हते. मान वर आणायला हवी होती. एकदम नाही, बेताबेताने. टीव्हीच्या डोक्याखाली आधी एक वीट घातली. ती जमली की आणखी. मग मनोहरने मासळीचा क्रेट आणला, त्यावर टीव्ही तिरका ठेवला. खोलीला बोंबलांचा असा वास लागला की गिऱ्हाईक लॅपटॉप काउंटरवर ठेवून बाहेर जाऊन उभं राहायचं. क्रेटनंतर स्टूल. दर वेळी टीव्ही जरा वर गेला की दत्ता पहिल्यापासून नापास. घाम पुसायचा आणि परत बसायचा.

क्रेटच्या दिवसांत तो जरा बोलायला लागला होता. एकदा खेळता खेळता म्हणाला, "वर केबिनमधी बसलो ना, का दोन गुरघ्यांच्या मधी आमचा मिठागर दिसतंय."

त्याच्या वडलांचं मिठागर होतं. बंदरासाठी गेलं, भराव पडला, वर यार्ड झालं. लहानपणी मिठाच्या राशीवर चढला म्हणून खाल्लेला मार त्याला अजून आठवतो. आता तिथे डांबर आणि कंटेनर, खूण म्हणून एक दगड शिल्लक नाही.

विलास सोडतो होय! "मागच्या रविवारी तर बोललास, त्या गेटच्या बाजूच्या ब्लॉकखाली हाय. आज बोलतंस खारीच्या किनाऱ्याला. तुझी जिथं ड्यूटी तिथं मिठागर? मिठागर हाय का ट्रेलर?"

आम्ही खदखदून हसलो. दत्ता रागावला नाही. यान खाली टेकवत म्हणाला, "मोठा व्हता."

*

टीव्ही टेबलावर, डोळ्यांसमोर आला, तेव्हा नवीनच अडचण. दत्ताचं सगळं बरोबर यायचं, पण त्याचं मन लागेना. "मेल्यासारखा वाटतंय. काय हालतच नाय."

वर केबिनमधे वारं असतं. खुर्ची हलते, लोंबणारा कंटेनर झुलतो, तो झोका बुडाखाली कळतो आणि त्यावरून हात चालतात. इथे माझी प्लास्टिकची खुर्ची, ढिम्म.

मनोहर उठला. खुर्चीची पाठ धरली आणि हलवायला लागला. आधी नुसता गदागदा. दत्ता म्हणाला, "असा नाय रं, वादल हाय का?" मग दत्ताने सांगावं आणि मनोहरने हलवावं. सकाळचं जमिनीवरून येणारं मतलई वारं, दुपारचं दर्यावरचं, पाऊस येण्याआधीचं आडदांड. मनोहर वाऱ्यावरच जगणारा माणूस, त्याला बरोबर समजायचं. दत्ताचे हात पुन्हा लोण्यासारखे चालायला लागले.

विलास म्हणाला, "परीक्षेला मनोहरला डब्यात घालून ने!"

मग हळूहळू मनोहरने वारा कमी केला. एका रविवारी नुसता हात ठेवून उभा राहिला. पुढच्या खेपेला हातही काढला. दत्ता मान ताठ करून, समोर बघत, न हलणाऱ्या खुर्चीत बसून यान धक्क्याला लावत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या ते आता आठवलं की कसंतरीच होतं.

*

परीक्षेच्या दिवशी विलासने ट्रेलर काढला नाही. मनोहर समुद्रावर गेला नाही. वहिनींनी एकवीरा आईला नारळ बोलला होता. मी दुकान उघडून बसलो होतो, पण एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमधे दुसऱ्याचीच हार्ड डिस्क बसवली.

दत्ता आला तो हातात पेढे घेऊनच. नुसता पास नाही, सगळ्यांत पहिला! साहेबांनी पाठीवर थाप मारून विचारलं होतं, "एवढा हात कुठे बसवलात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बोललो, अंतराळात."

आम्ही त्याला उचलून नाचलो. कपाटाला थापा मारमारून विलासने पोचे आणले, ते अजून आहेत. मी इतका खूश क्वचितच झालोय. दत्ताची क्रेन वाचली, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

*

क्रेन वाचली, पण दत्ता तिच्यात नव्हता. त्या एसी खोलीत एक ऑपरेटर आणि त्याच्यापुढे पाळीपाळीने येणाऱ्या क्रेन. जिला हात लागेल ती त्याची, काम झालं की दुसरी. टेबलावर खाजगी वस्तू ठेवायची नाही. केबिनमधला एकवीरेचा फोटो आणि बसायची उशी त्याने शेवटच्या दिवशी पिशवीत घालून खाली आणली. जिना उतरताना काय वाटलं, असं मी विचारलं होतं. त्याने चहाचा कप फिरवला आणि विषय बदलला.

एक मात्र झालं. दत्ताची मान सरळ झाली! डॉक्टरला जमलं नाही ते स्क्रीनने केलं. वहिनींना आनंद झाला. पण गावात लोक बोलायला लागले, "दत्ता साहेब झाला. आता बघा, मान कशी ताठ करून चालतंय. पयला किती सालस व्हता!"

हा किस्सा विलासने सांगितला तेव्हा आम्ही हसलो खरे, पण मधेच थांबलो. दत्ता रविवारी यायचा बंद झाला होता. दिवसभर स्क्रीन बघून परत कोण स्क्रीन बघायला येणार, असं मीच इतरांना समजावत होतो. पण माझं मलाच पटत नव्हतं. आम्ही शिकवलं म्हणूनच तो खाली उतरला, ही खंत काही जात नाही. नापास झाला असता तरी उतरलाच असता, हेही मला कळतं. खंत कळण्याने जात नाही, त्याला मी काय करू?

*

मग एका रविवारी तो आला. आम्ही तिघं होतो. विलासचं यान पाठमोरं चाललं होतं आणि मी कपाटाशी थाप मारायला उभा होतो. दत्ता दारात थांबला, आमच्याकडे बघून हसला, आत आला. विलासने दांड्या त्याच्या हातात दिल्या.

दत्ताने दांड्या खुर्चीवर ठेवल्या. टेबलाशी गेला, टीव्ही दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर उताणा ठेवला. मग खुर्ची ओढली, टीव्ही दोन पायांच्या मधे येईल अशी लावली, दांड्या उचलून बसला आणि वाकला. सरळ झालेली मान पहिल्यासारखी खाली गेली.

त्याने यान काढलं, स्टेशनवर आणलं, धक्क्याच्या बरोबर वर धरलं. टेकवलं मात्र नाही. खाली जायला लागलं की जरासं उचलायचा, सरकलं की परत जागेवर आणायचा. नुसतं वर धरून खाली बघत बसला.

"ठेव की आता," विलास हळूच म्हणाला.

"असू दे," दत्ता म्हणाला. "दिसतंय."

आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या आणि खाली बघायला लागलो.

तेवढ्यात वहिनी आल्या. दत्ताचा फोन घरी राहिला होता, तो द्यायला आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी आमच्याकडे बघितलं. चौघांच्या माना खाली, मधे जमिनीवर टीव्ही. मला वाटलं, आता विचारतील. मनोहरलाही तेच वाटलं असावं, त्याने हसायची तयारी केली होती.

वहिनींनी चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. भिंतीशी जाऊन बसल्या, फोन मांडीवर ठेवला आणि काहीच विचारलं नाही.

मनोहर उठला. दत्ताच्या मागे जाऊन त्याने खुर्चीची पाठ धरली आणि हळूहळू हलवायला लागला.

"जोरात दे रं," खाली बघतच दत्ता म्हणाला. "वर एवरा कमी वारा कवाच नसतंय."